विलायतेतला आमचा दगड

आमच्या घरातलं परदेशात कोणी गेलेलं नाही. शेजारच्यांचा मुलगा जाऊन आला, समोरच्यांचा जावई तिकडेच राहिला. ही मंडळी चहाला आली की बोलण्यात थंडी, बर्फ आणि रुंद रस्ते येतात, आणि आमचे हे मान खाली घालून चहात बिस्कीट बुडवत बसतात. मी मात्र गप्प बसत नाही. मी सांगते, "आमचाही एक दगड आहे तिकडे." पाहुणे हसतात. त्यांना वाटतं बाई थट्टा करते आहे. त्यांचंही चुकत नाही. या घरात माझं बोलणं खरं धरणारं एकच माणूस होतं, आणि तो दगड त्यांनीच पाठवला.

त्या म्हणजे ह्यांच्या आत्या. सगळं घर त्यांना आत्या म्हणे, म्हणून मीही आत्याच म्हणू लागले. त्यांचं गाव बालाघाटकडच्या हट्ट्याच्या पुढे, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, मधोमध. यजमान गेलेले, मूलबाळ नाही. वर्षातले काही महिने गावी, काही महिने बालाघाटला आमच्याकडे. येताना पोतंभर तांदूळ आणत आणि जाताना घरभर सल्ला ठेवून जात.

आत्यांना भिंत दिसली की बोटाच्या पेराने ती ठोकून बघायची सवय होती. बाजारात आपण टरबूज ठोकून बघतो, तशी. कान जवळ न्यायचा, दोनदा टकटक करायचं आणि निकाल द्यायचा: "पोकळ." नाहीतर, "भरीव." लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा त्यांनी आधी माझी लोखंडी पेटी ठोकली. म्हणाल्या, "पेटी भरीव हाय. सून पाहू मंग." माझं डोकं त्यांनी कधी ठोकलं नाही, पण तो विचार त्यांच्या डोळ्यांत मी पुष्कळदा पाहिला.

त्यांचा निकाल नेहमी बरोबर यायचा असंही नाही. हे कलेक्टर कचेरीत कारकून. एकदा आत्या डबा घेऊन तिथे गेल्या, ह्यांच्या मागची भिंत ठोकली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बाबू, पावसाळ्यात या भिताडापाशी नोको बसू." ह्यांनी टेबल हलवलं. ती भिंत पावसाळाभर कोरडी ठणठणीत राहिली, आणि जिथे टेबल नेलं तिथलं छत ह्यांच्या फायलींवर गळलं. आत्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "मी भिताडाचं सांगतलं होतं. छताचं कोणी इचारलं?"

दुसरी खोड म्हणजे भांडं रिकामं परत द्यायचं नाही. आता ही रीत कोणत्या घरात नाही? शेजारच्या वाटीतून कढी आली तर वाटीत निदान साखर घालून ती परत जाते. पण आत्यांनी त्या रीतीचा धर्म केला होता. दवाखान्यातून डोसाची बाटली आणली की परत जाताना तिच्यात जवसाचं तेल. नवा कंपाउंडर आला होता, त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो ती बाटली उजेडात धरून बराच वेळ बघत बसला होता म्हणे. शेजारच्या बाईंची आणि आत्यांची एक वाटी तर वर्षानुवर्षं फिरत होती, थांबणार कोणी? शेवटी शेजाऱ्यांची बदली झाली आणि नेमकी तेव्हा वाटी आमच्याकडे. आत्या स्टेशनवर गेल्या आणि चालत्या गाडीत लाडू भरून वाटी दिली. गाडी छोट्या लाइनची, तिला पळून गाठणं फार अवघड नव्हतं. तरी पण.

"फुकटचं अंगी लागत नाही," हे त्यांचं पालुपद. आणि त्याच आत्या गावासाठी वर्षानुवर्षं एक गोष्ट मागत फिरल्या.

त्यांची धाकटी जाऊ बाळंतपणाला अडली, तेव्हा तिला बैलगाडीत घालून बालाघाटला आणायला निघाले. जावेचं डोकं आत्यांच्या मांडीवर होतं. आत्या त्याबद्दल कधी बोलत नसत. एकदाच म्हणाल्या, "बैल थकले नोयते. रस्ताच सरला नाही." तेव्हापासून गावात जो अधिकारी येई त्याला त्या आपलं खळं दाखवायला नेत. धान मळायची चांगली सपाट जागा, यजमानांनी हौसेने केलेली. "हे खळं घ्या अन् इथं दवाखाना बांधा." अधिकारी म्हणे, "होईल." जीप जाई. आत्या खळ्यावरची धूळ झाडून घरी येत.

मग गावातल्या, म्हणजे बालाघाटच्या, चर्चचे पाद्री एकदा आमच्याकडे आले. हिंदी बोलणारे, मध्यम वयाचे, सायकलवरून फिरणारे. त्यांनी सांगितलं, की परदेशातल्या एका चर्चची तरुण मुलं-मुली सुटीत दुसऱ्या देशांत जाऊन गरिबांसाठी श्रमदान करतात, पुढच्या उन्हाळ्यात इकडे येणार आहेत आणि त्यांना बांधायला काहीतरी हवं आहे. आत्यांनी त्यांना चहा संपवू दिला नाही. तशाच खळं दाखवायला घेऊन गेल्या.

आमच्या आळीत चर्चा सुरू झाली. "आत्या, हे लोक बाटवतात बरं."

आत्या म्हणाल्या, "जनमभर मांगं लागली मी, पण नवऱ्याची तंबाखू सोडवू शकली नाही. हे पोट्टे उन्हाळ्याभरात माह्या देव सोडवतीन?"

हे पाद्रींच्या कानावर गेलं तेव्हा सगळ्यांत जास्त तेच हसले.

आता माझी भूमिका. मी नागपूरच्या कॉलेजात इंटरपर्यंत शिकलेले. सासरी सगळ्यांची समजूत, की मला स्वप्नंसुद्धा इंग्रजीत पडतात. मी ती समजूत कधी मोडली नाही, कारण तेवढंच एक भांडवल होतं. पाद्रींना शहरातलं काम, ते आठवड्यातून एकदा येणार. तेव्हा दुभाषी कोण? "आमची सून हाय नं," आत्या म्हणाल्या. मी डिक्शनरी ट्रंकेत टाकली आणि आत्यांच्या गावी राहायला निघताना देवाचं नाव घेतलं. कोणत्या, ते त्या घाईत आठवत नाही.

ती मंडळी आली. विशीतली पोरं-पोरी, उन्हाने टोमॅटोसारखी झालेली. त्यांचे पुढारी एक उंच साहेब होते, त्यांच्या देशात शाळामास्तर. गावातल्या प्रत्येक दारात ते वाकत आणि तरीही कपाळ आपटत. त्यांचा देश कोणता ते मी आत्यांना नकाशात दाखवलं, पण त्यांच्या लेखी समुद्राच्या पलीकडे सगळी विलायत. एका मुलीच्या चेहऱ्यावर वांगासारखे बारीक ठिपके होते. आत्यांनी तिची हनुवटी धरून नीट पाहिलं. "हिच्या तोंडावर तीळच तीळ सांडले व." झालं, ती त्या दिवसापासून तिळाबाई. तिलाही ते नाव आवडलं. मी अर्थ सांगितला नव्हता.

गाव कामाला आलं. आमच्याकडे रोवण्याच्या दिवसांत सावड असते. आज तुमच्या बांधीत मी धान रोवायला यायचं, उद्या माझ्या बांधीत तुम्ही. मजुरी नाही, पण ज्याची बांधी त्याच्या घरचं जेवण. गावाने हिशेब तसाच धरला. पाहुणे आपल्याकडे सावडीला आलेत, तेव्हा दुपारचं जेवण आपलं. पहिल्याच दुपारी बाया भाकरी, लाखोळीची डाळ, आंब्याचं लोणचं घेऊन खळ्यावर आल्या. साहेब हात जोडून नको म्हणाले आणि सगळी मंडळी आपल्या तंबूत जाऊन डब्यातलं उकडलेलं खाऊन आली. लोकांना वाटलं, उपास असेल. दुसऱ्या दिवशीही उपास. लोक म्हणाले, भारीच कडक देव आहे यांचा.

उपास नव्हता, नियम होता. ज्यांना मदत करायची त्यांच्या घरचं काही घ्यायचं नाही, घोटभर चहासुद्धा नाही. साहेबांनी मला समजावून सांगितलं आणि मला तो फार थोर वाटला. मी तो आत्यांना थोर करूनच सांगितला.

साहेबांनी गावातल्या मुलांसाठी दुधाच्या पावडरचे पत्र्याचे डबे वाटले. आत्यांनी आपल्या वाट्याची पावडर शेजारच्या पोरांना दिली, डबा घासला, उन्हात वाळवला, त्यात पोह्यांचा चिवडा भरला आणि माझ्या हाती तंबूवर पाठवला. संध्याकाळी साहेब स्वतः तो डबा घेऊन आले. दोन्ही हातांनी धरला होता. आमच्या दारात कपाळ आपटलं. फार प्रेमाने म्हणाले, "तुमचं तुमच्या मुलांना द्या." झाकण उघडलेलंसुद्धा नव्हतं.

आत्यांनी डबा घेतला आणि पेराने ठोकला.

"भरलेला वापस आला," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी खळ्यावर गावचं कोणी आलं नाही.

चिंचेखाली माणसं बसली होती. पाटील म्हणाले, "आपल्या हातचं चालत नाही त्याइले. आपण का एवढे हलके झालो?"

गावाबाहेरच्या टोलीतला एक म्हातारा विटा वाहायला रोज येई. तो नेहमीसारखा थोडा लांब, वेगळ्या दगडावर बसला होता. त्याच्या घरचं पाणीसुद्धा गावाने कधी घेतलं नव्हतं. तो हळूच हसला. "आता समजलं का पाटील, कसं वाटते ते?"

आत्या त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

काम थांबलं. भिंती कमरेइतक्या आलेल्या, मातीच्या गाऱ्यातल्या, वर छप्पर नाही. ढग जमायला लागले होते आणि पाहुण्यांची परत जायची तारीख ठरलेली होती. छपराआधी पाऊस आला असता तर दवाखान्याचा चिखल झाला असता. आणि ती जीप पुन्हा "होईल" म्हणायला कधी आली असती, कोण जाणे. आत्या रोज खळ्यावर जात, अर्धी भिंत ठोकत आणि परत येत. मी म्हटलं, "आत्या, तुम्ही एक शब्द टाका. लोक येतील कामाला."

"येतीन. माहीत हाय मले."

"मग काहून नाही बोलत?" बघा, कॉलेजात शिकलेली मी, पण घाईत 'का'च्या जागी मलाही काहून आला.

"माह्या शब्दावर येतीन, दवाखाना होईन, अन् जनमभर त्याच्यापुढून मान खाली घालून जातीन. असा दवाखाना मले नोको." मग थांबून म्हणाल्या, "अन् पाहिजे बी हाय."

शेवटी साहेबांनीच सभा बोलावली. त्यांना वाटत होतं, की लोकांचा उत्साह संपला. त्यांनी भाषण केलं, मी शेजारी उभी. या गावचे लोक गरीब आहेत, त्यांना मदत करायला आम्ही एवढ्या दुरून आलो, असं काहीसं ते म्हणाले. मी मोठ्याने सांगितलं, "साहेब म्हणतात, या गावचे लोक गरीब आहेत, म्हणून आम्ही इथे आलो."

आता आपल्याकडे गरीब म्हणजे काय? गाय गरीब असते. एखादी सून गरीब असते. मास्तर गरीब असला की पोरं डोक्यावर बसतात. गावाच्या पाठी ताठ झाल्या. पाटील खुशीत म्हणाले, "हौ, ते त खरंच हाय. आमच्या गावात ना तंटा, ना कोर्ट, ना कचेरी."

"पाटलाचा भाऊ सोडून," मागून कोणीतरी म्हणालं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढं गाव आनंदाने आपली गरिबी कबूल करतं आहे हे पाहून साहेब थोडे गोंधळले, पण त्यांना बरंही वाटलं असावं.

तेव्हा आत्या उठल्या. तो डबा त्यांच्या कडेवर होता. "सूनबाई, त्याले सांग. आमच्याऊन हेच लय गरीब हायत. उन्हात भाजून राह्यले, पण तोंडातून शब्द नाही."

वाक्याच्या पहिल्या अर्ध्यालाच माझी डिक्शनरी संपली. कॉलेजने गरिबाला एकच इंग्रजी शब्द शिकवला होता, तोच मी दिला. "आत्या म्हणतात, तुम्ही आमच्यापेक्षा फार गरीब आहात." उरलेलं वाक्य घशातच राहिलं.

ती पोरं एकमेकांकडे बघू लागली. साहेब विटांच्या ढिगावर बसले. कान लाल झाले होते. मग मला म्हणाले, "विचारा त्यांना. कसे?"

मला वाटलं, आता या घरातला माझा शेवटचा दिवस. पण विचारलं. "आत्या, ते विचारतात, आम्ही गरीब कसे?"

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. कुठला शब्द कुठे जाऊन पडला, ते त्यांना कळलं असावं. त्यांनी तो तिथून उचलला नाही.

"ज्याले कोणी जेवाले बलावत नाही तो गरीब. अन् बलावल्यावर ज्याले जाता येत नाही, तो त्याच्याहून गरीब. मंग हे शिरीमंत कसे?"

हे मी सगळं सांगितलं. एकही शब्द अडला नाही, का कोण जाणे.

साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "तुमच्या मुलांच्या तोंडचा घास घेऊ नये, म्हणून तो नियम होता."

आत्यांचा आवाजही उतरला. "सायेब, पाहुणा जेवला त लेकराइले कळते कसं वाढा लागते. जेवलाच नाही त ते शिकणंबी जाते त्याइचं."

तिळाबाई उठली. आत्यांच्या कडेवरचा डबा तिने घेतला, झाकण काढलं, मूठभर चिवडा तोंडात टाकला. आत्यांच्या चिवड्यात पोहे किती आणि मिरच्या किती, हा आमच्या घरातला जुना वाद आहे. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ती खात राहिली.

"खाय माय, दमानं खाय," आत्या म्हणाल्या. "कोणी वापस नेऊन नाही राह्यलं."

त्या दिवशी खळ्यावर, अर्ध्या भिंतींच्या मधोमध, पंगत बसली. आत्या सगळ्यांना जागा दाखवत होत्या. टोलीतला म्हातारा लांबच्या दगडाकडे निघाला, तर त्याच्या दंडाला धरून त्याला साहेबांच्या शेजारी बसवलं. पाटलांचा तो भाऊ हात मागे बांधून उभाच राहिला. आत्या वाढता वाढता त्याच्याजवळ थांबल्या. "तुलेबी भरलेला डबा वापस कराचा हाय का? मंग जाय." तो थोडा वेळ उभा राहिला आणि पार टोकाला जाऊन बसला. गाव एका जेवणात बदललं असं मी म्हणणार नाही. पण त्या जेवणापुरती पंगत एक होती, आणि साहेब उचक्या देत देत लोणचं पुन्हा मागत होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गाव कामावर हजर. भिंती चढल्या, कवेलू चढले, आणि पाऊस आला तो छपरावर आला. पाहुणे जायच्या आदल्या दिवशी आत्यांनी दवाखान्याची एकेक भिंत ठोकली. मागे ती सगळी पोरं श्वास धरून. शेवटच्या भिंतीपाशी आत्या थांबल्या, पुन्हा एकदा ठोकलं.

"भरीव."

मी इंग्रजी करायच्या आधीच टाळ्या पडल्या.

मग त्यांनी साहेबांना विचारलं, "आमची सावड कवा? तुमच्या इथं काय बांधा लागते?"

साहेब हसले. म्हणाले, आमच्या चर्चच्या पुढच्या पायऱ्या फुटल्या आहेत, या एकदा. ते थट्टेत बोलले. हे निरोपासाठी गावी आले होते, त्यांना आत्यांनी रात्री विलायतेला जायची वाट विचारली. ह्यांनी मुंबई सांगितली, जहाज सांगितलं. आत्यांनी विचार केला. "रोवणं टाकून जाता येणार नाही," म्हणाल्या.

सकाळी निरोपाच्या वेळी त्यांनी तिळाबाईच्या हातात तोच पत्र्याचा डबा ठेवला. तिचा हात एकदम खाली गेला. आत वैनगंगेच्या काठचा एक काळा दगड होता. दवाखान्याच्या पायातून उरलेला. गावच्या पाथरवटाकडून चारी बाजूंनी सरळ करून घेतलेला. "पायरीत बसवजो म्हणा. आमाले येता नाही येत, त आमचा हात समजा." मी सांगितलं. तिळाबाईने डबा छातीशी धरला आणि मोटार दिसेनाशी होईपर्यंत तसाच धरून होती.

लोक म्हणाले, फेकला असेल तिने वाटेत. आत्या म्हणाल्या, "भरीव पोट्टी होती."

त्यानंतर बरीच वर्षं गेली. दवाखान्यात नर्स राहू लागली. गावात बाळंतपणं होऊ लागली, आणि आत्या प्रत्येक बाळाला पाहायला जात, जणू ते दवाखान्याच्या भिंतीतूनच निघालं आहे. मग त्यांचे गुडघे गेले, त्या कायमच्या आमच्याकडे आल्या. एका हिवाळ्यात दुपारी दार वाजलं. दारात तिळाबाई. थोडी रुंद झालेली, तीळ तेवढेच. दोन्ही हातांत तो डबा, कडेला गंजलेला.

आत्या खाटेवर उठून बसल्या. कशी आहेस नाही, कधी आलीस नाही. "पायऱ्या झाल्या का?"

तिळाबाई वाटेत कुठूनतरी घोकून आली असावी. एकेक शब्द सांभाळत म्हणाली, "झाल्या, आत्या. तुमचा दगड पयल्या पायरीत हाय. साहेबांनी गारा केला. सगळे त्याच्यावर पाय देतात."

"पाय द्यासाठीच असते पायरी," आत्या म्हणाल्या, आणि डोळे पुसले.

मग डबा उघडला. आत त्यांच्या चर्चच्या जुन्या, फुटक्या पायरीचा एक तुकडा होता, पांढुरका. आत्यांनी तो मांडीवर घेतला. ठोकला. कान जवळ नेला. ऐकू कमीच येत होतं तेव्हा. त्यांनी तुकडा माझ्यापुढे धरला. "सूनबाई, तू पाय."

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी ठोकायला दिलं नव्हतं. मी पेराने ठोकलं. खरं सांगायचं तर मला काही कळलं नाही. दगड दगडासारखा वाजला.

"कसा हाय?"

"भरीव," मी म्हणाले.

"हौ," आत्या म्हणाल्या. दुसरं कोणाला विचारलं नाही.

तो तुकडा आम्ही दवाखान्याच्या उंबऱ्याशी बसवून घेतला. आत्या आता नाहीत. डबा माझ्या स्वयंपाकघरात, डाळीच्या डब्यांच्या रांगेत असतो, पण त्यात मी डाळ भरत नाही. डबा माझ्या हाती देताना त्या म्हणाल्या होत्या, "ध्यानात ठेवजो, आता पाळी आपली हाय."

या हिवाळ्यात तिळाबाई पुन्हा येते आहे, नवऱ्याला घेऊन. मी कालच पोहे उन्हात टाकले. हे म्हणतात, पाहुणा नवा आहे, मिरच्या जरा कमी टाक. मी ऐकून घेतलं. मिरच्या आत्यांच्याच मापाने पडतील.